तुमचा निरोप, तिच्या नावानं

विहीणबाई, तुमच्या तेराव्याला तुमच्या तोंडी जी वाक्यं घातली गेली, ती ऐकून मला दोनदा उठून बाहेर जावं लागलं. तुमचा दत्ता, म्हणजे माझा जावई, पाहुण्यांना सांगत होता, "माय म्हणायची, बाळा, कुणाचं मन दुखवू नको." तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, "दत्त्या, तोंड आवर, न्हाईतर पायतान हाणीन." तुमची पुतणी रडत म्हणाली की काकीनं जायच्या आदल्या दिवशी सांगितलं, समद्यांनी एकीनं ऱ्हावं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही रानातून ओल्या तुरीच्या शेंगा आणल्या आणि एवढंच म्हणालात, की पाठ दुखती, चहा ठेव. हे मला सुनीतानं सांगितलं. सुनीता तुमची सून आणि माझी लेक. ती खोटं बोलत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, ते तुम्हालाच माहीत आहे.

तुम्ही गोड बोलणाऱ्या नव्हता. मीही नाही. म्हणून आपलं जमलं नाही आणि म्हणूनच शेवटी थोडंफार जमलं. आपण कधी एकमेकींना अगं-तुगं केलं नाही. आताही करणार नाही.

लग्नापासूनच आपलं वाकडं. सुनीताच्या लग्नात तुम्ही मांडवाकडं येताना आमच्या पायघड्या कमी पडल्या. मांडव दहा पावलांवर राहिला आणि तुम्ही शेवटच्या धोतरावर थांबलात. "मातीत पाय ठिवणार न्हाई," म्हणालात. वाजंत्री वाजवून वाजवून थकले. परीट मागची धोतरं उचलून पुढं टाकायला निघाला, तर म्हणालात, "तुडवलेली नको." तेव्हा मी पुढं आले आणि म्हणाले, "इहीणबाई, रोज मातीतच राबता की. आज काय पाय विरघळणार हायेत का?" सगळा मांडव हसला. तुम्ही हसला नाहीत. मातीतून चालत सरळ माझ्यासमोर आलात आणि म्हणालात, "माझ्या दारात बोलावल्याबिगर येऊ नका."

मी म्हणाले, "तुम्ही बोलावलं तरी येणार न्हाई. माझी लेक बोलावील तवाच येईन."

रागातलं बोलणं होतं, पण मी ते धरून बसले. लग्नानंतर तुमच्याकडं देवीचा गोंधळ होता. तुमचं बोलावणं आलं, नारळ आला, मी गेले नाही. सणाला सुनीताला आणायला थोरल्या मुलाला धाडायची. दोन वर्षं मी तुमच्या चाकूरच्या बाजूला फिरकले नाही.

मग सोयाबीन काढणीच्या दिवसांत लोह्याच्या बाजारात तुमच्या गावचा बळीराम मला शोधत आला. तो बैल बघायला आला होता. उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, तुमच्या सुनीताचा निरोप हाय. माय, मला न्यायला ये, माझ्यानं व्हईना. एवढंच सांगायला लावलंय." सुनीताला तेव्हा सातवा सरत आला होता. मी बाजार तसाच टाकला, थोरल्याला घेतलं आणि मिळेल त्या जीपनं निघाले.

दुपारी तुमच्या दारात पोचलो. सुनीता अंगणात सोयाबीनच्या ढिगाजवळ बसली होती. तोंड इतकं सुजलेलं की डोळे बारीक झाले होते. जोडवी बोटात रुतली होती. मी बाहेरूनच म्हणाले, "तुझा निरोप मिळाला गं. चल." ती माझ्याकडं बघतच राहिली. "कसला निरोप? म्या न्हाई धाडला."

तुमचे मालक ओसरीवर बसले होते. ते उठले. "सून आता बाजारात निरोप धाडाया लागली? आम्ही काय तिला मारून राहिलो का इथं? पाच-सात दिसांत रास झाली की धाडणारच व्हतो की!" सुनीता म्हणत होती, "मामा, म्या न्हाई हो. कुणाची बी आण घेते." तुम्ही चुलीच्या खोलीच्या दारात पदर तोंडात धरून उभ्या होता. मी तुमच्याकडं एकदा बघितलं आणि मनात म्हणाले, हीच ती, मजा बघत उभी आहे. मग मोठ्यानं म्हणाले, "निरोप असू द्या, नसू द्या. आले तशी घेऊन चालले."

नांदेडला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हाताला बीपीचा पट्टा बांधला, परत बांधला आणि माझ्यावरच ओरडल्या की इतके दिवस काय करत होता. अजून दोन दिवस काढले असते तर काही खरं नव्हतं म्हणाल्या, आईचंही आणि लेकराचंही. कोमल तिथंच झाली, दिवस भरायच्या आत. ओंजळीत मावत होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा तुम्ही बघायला आलात. काचेवर हात ठेवून उभ्या राहिलात. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

कोमल जगली. सुनीता जगली. पण तो निरोप सुनीताच्या कपाळी बसला. तुमच्या मालकांनी वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. दत्ता भांडणात म्हणायचा, "जा, धाड मायला निरोप." भावकीतल्या बायका तिच्यासमोर बोलायच्या बंद झाल्या, हिच्या पोटात काही राहत नाही म्हणून. आणि ती बिचारी प्रत्येकीला सांगायची की मी धाडलाच नव्हता.

मला तिचा राग यायचा. मी म्हणायची, "धाडला तर धाडला म्हण. जीव वाचला ना? सासऱ्याला भिऊन पलटी का मारतीस?" ती म्हणायची, "माय, तूच खोटं बोललीस. तुला मला न्यायचंच व्हतं, म्हणून माझ्या नावानं निरोप तूच रचलास. तुझं नाक वर ऱ्हावं म्हणून माझं नाव घेतलंस." मी बळीरामला समोर उभं करीन म्हणाले, तर तो त्याच वर्षी उसाच्या गाडीखाली गेला. मग काय, तिचं बोलणं आणि माझं बोलणं. माहेरी यायची, राहायची, पण माझ्याजवळ कधी काही बोलली नाही. बरं आहे का विचारलं तर म्हणायची, "सांगू कशाला? तू बदलून सांगशील."

लेकीनं आईला हे म्हणायचं. वीस वर्षं.

मागच्या महिन्यात तुम्ही मोतीबिंदूसाठी नांदेडला आलात. डॉक्टरांनी आठ दिवस थांबायला सांगितलं आणि दत्तानं तुम्हाला माझ्याकडं आणून सोडलं. मी आता नांदेडलाच थोरल्याकडं असते आणि कोमलही आमच्यातच राहून शिकते. पेपरात बातम्या कशा लिहायच्या, त्याचं शिक्षण आहे म्हणे. तुमचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आपण दोघीही म्हाताऱ्या झालो होतो, त्यामुळं भांडायला जुना जोर नव्हता. तरी तुम्ही काळा गॉगल लावून माझ्या घरभर नुक्स काढत फिरायचात. "डोळ्याचं आपरेशन झालंय का घराची तपासणी चाललीय?" मी म्हणायची. "झाकलेल्या डोळ्यानं बी दिसतंय, पातेलं नीट घासलेलं न्हाई," तुम्ही म्हणायचात.

पाचव्या दिवशी सकाळी जेवताना कोमल वही घेऊन आपल्या मधे येऊन बसली. परीक्षेसाठी इंग्रजीचे दोन शब्द होते आणि तिला ते सारखेच वाटत होते. एक मिसकोट, दुसरा मिसअ‍ॅट्रिब्यूट. मी चौथी शिकलेली. म्हणाले, "मराठीत बोल."

ती म्हणाली, "समज, चाकूरची आजी म्हणाली, भाकर कडक झालीय. आणि मी पेपरात छापलं, आजी म्हणाल्या भाकर करपलीय. माणूस तोच, शब्द बदलले. हे मिसकोट."

"भाकर कडक न्हाई झाली," मी म्हणाले.

"कडकच हाय," तुम्ही म्हणालात.

"अगं, ऐका ना! आता समज, भाकर कडक झाली असं म्हणाली चाकूरची आजी, पण मी छापलं तुझ्या नावानं. शब्द तेच, माणूस बदलला. ते मिसअ‍ॅट्रिब्यूट."

तुम्ही घास हातातच धरून विचारलंत, "ह्यात जास्ती वंगाळ कोणचं?"

"मार्क दोन्हीला जातात," कोमल म्हणाली.

मी म्हणाले, पहिलं वाईट. एकीचं बोलणं दुसरीनं मोडून सांगायचं, त्यानंच घरं फुटतात. दुसऱ्यात काय, नाव चुकलं, बोलणं तर शाबूत राहिलं. तुम्ही हळूच म्हणालात, "ज्याचं नाव घातलं, त्याला इचारा." कोमल हसली. "चाकूरची आजी पास, तू नापास," मला म्हणाली आणि स्कूटी घेऊन कॉलेजला गेली.

ती गेल्यावर तुम्ही ताट बाजूला सारलंत. गॉगल तसाच होता, त्यामुळं तुम्ही कुठं बघताय ते मला कळत नव्हतं. म्हणालात, "इहीणबाई, ते दुसरं म्या केलंय. सुनीताच्या नावानं निरोप म्या धाडला व्हता."

मला आधी समजलंच नाही. कुठला निरोप, विचारलं. तुम्ही म्हणालात, "बळीरामच्या हाती. तिला ठावं बी नव्हतं. तिचे पाय बघून मला अन्न जाईना. माझी धाकली जाऊ अशीच सुजून गेली. तवा बी समदे म्हणत व्हते, व्हतंच असं. म्या मालकाला दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं न्हाई. मंग काय करू?"

"तुमच्या नावानं धाडायचा की!"

"आला असता का? गोंधळाला बोलावलं, आलात? तुम्हीच म्हणला व्हता मांडवात, लेक बोलावील तवाच येईन. म्या तुमचं बोलणं ध्यानात ठिवलं. त्यातलं अक्षर इकडचं तिकडं केलं न्हाई."

तुमच्या नावानं निरोप आला असता तर मी आले नसते. म्हणाले असते, आता गरज पडली का. दोन दिवस तरी तोऱ्यात काढले असते. डॉक्टरीणबाई दोनच दिवस म्हणाल्या होत्या.

पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तुम्ही दारात पदर तोंडात धरून उभ्या आहात आणि माझी लेक आण घेतेय. मी तुम्हाला वाटेल ते बोलले. "तवा भ्यालात ते ठीक. मालक गेल्यावर का गप्प ऱ्हायलात? पोरीनं वीस वर्सं बोलणी खाल्ली. माझी लेक माझ्याशी बोलंना झाली. तुम्ही दोन्ही घरच्या भाकरी खात बघत बसलात."

तुम्ही म्हणालात, "आदी भ्या व्हतं. मंग लाज वाटाया लागली. जितका येळ गेला, तितकं तोंड जड झालं. सुनीता मला लई मानती, इहीणबाई. मायपेक्षा जास्ती. हे कळलं तर काय ऱ्हाईल?"

मायपेक्षा जास्ती. हे तुम्ही मला तोंडावर म्हणालात. आणि खरं होतं. माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून ती तुमच्याजवळ गेली, आणि उडाला तो तुमच्यामुळं.

मी उठले. म्हणाले, आत्ता फोन लावते सुनीताला. तुम्ही माझा हात धरलात. "तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलं तर ती म्हणंल, मायनं आता सासूच्या तोंडात घातलं. म्या सांगते. माझ्या तोंडानं. जरा डोळा नीट दिसू द्या. सांगताना मला तिचं तोंड दिसलं पायजे."

त्यानंतर तुम्ही माझ्याकडं तीन दिवस होता. मी तुमच्याशी बोलले नाही. दिवसातून चार वेळा तुमच्या डोळ्यात थेंब घालायचे असत. मी यायची, तुमचं डोकं मागं करायची, पापणी ओढायची, थेंब टाकायची आणि जायची. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "घातलं का?" मी उत्तरसुद्धा देत नव्हते. तुम्ही तशाच डोळा मिटून बसून राहायचात, झालं की नाही ते न कळून. तुम्ही गेल्यापासून मला दुसरं काही आठवत नाही, तेच आठवतं. वर केलेलं तोंड आणि "घातलं का?"

त्या तीन दिवसांत संध्याकाळी कोमल घरी आली की हात-पाय धुऊन तुमच्या मांडीवर डोकं टाकायची. ही पोर आहे ती तुमच्यामुळं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही तिच्या केसांतून बोटं फिरवत होता आणि मी समोर मेथी निवडत बसले होते. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, की तुम्ही नसता तर मला लेकही नव्हती आणि नातही नव्हती. तोंडाशी आलं होतं. पण राग अजून ताजा होता. म्हटलं, आधी सुनीताला सांगू देत, मग बघू. मी उपकार मानायलासुद्धा अट घातली.

दत्ता तुम्हाला न्यायला आला तेव्हा बसस्टँडवर मी एकच वाक्य बोलले. "थेंब येळेवर घाला." तुम्ही म्हणालात, "हाव." आपलं शेवटचं बोलणं ते.

तेविसाव्या दिवशी दत्ताचा फोन आला. सकाळी उठल्याच नाहीत म्हणाला. मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की सुनीताशी काही बोलल्या का. तो म्हणाला, "काय बोलणार? झोपेतच गेली." माझ्या मनात दुःखाच्या आधी राग आला, हे तुम्हाला सांगून टाकते. मला वाटलं, परत पदर तोंडात धरलात.

तेरा दिवस मी तुमच्या घरी होते. सुनीता रडत होती, तशी आपल्या बापाला रडली नव्हती. आल्या-गेल्याला सांगत होती, "माझी सासू गेली न्हाई, माझा आधार गेला." आणि मी गप्प. काय सांगू? तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. माझं बोलणं आता कुणी धरलं नसतं. लेकीच्या नावावर एकदा निरोप रचला, आता मेलेल्या बाईच्या नावावर रचला, असंच ती म्हणाली असती. तुमचं बोलणं मी अक्षरनअक्षर जसंच्या तसं सांगितलं असतं, तरी ते माझंच ठरलं असतं. आणि तिच्याकडं आता उरलं काय होतं, तुमची आठवण. ती मी का नासवू? दुसरीकडं वाटायचं, हिच्या कपाळावरचा डाग पुसणारं माणूस आता मीच एक उरले. मी मेले की तो राहिलाच.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. सकाळी सुनीता तुमची लुगडी उन्हात टाकत होती. मी जवळ गेले. ठरवलं होतं की तुमचं काही सांगायचं नाही. माझं तेवढं सांगायचं.

म्हणाले, "सुनीता, तू निरोप धाडला नव्हतास. म्या तुझ्यावर इस्वास ठिवला न्हाई. माझं चुकलं."

तिनं लुगडं दोरीवर टाकलं आणि तसंच धरून ठेवलं. "वीस वर्सांनी? आज?"

"आज."

"मंग तू कबूल करतीस, की तूच रचला व्हतास."

"न्हाई. मला बळीरामनं सांगितला. त्याला कुणीतरी सांगितला."

"कुणी?"

आता पळायला जागा नव्हती. मी म्हणाले, "तुझ्या सासूनं. नांदेडला माझ्याजवळ बोलली. तुला सोताच्या तोंडानं सांगणार व्हती, ऱ्हाऊन गेलं. ह्याला माझ्याबिगर साक्ष न्हाई. तुला पटलं तर घे, न्हाई पटलं तर माय परत खोटं बोलली म्हण."

तिनं धरलेलं लुगडं सोडलं. मला वाटलं, आता हाकलते मला. मग म्हणाली, "माय, त्या दिशी तू आलीस तवा माझी पिशवी कुणी भरली?"

"कोणची पिशवी? म्या तर आत बी आले नव्हते. उंबऱ्याच्या भायेरच उभी व्हते. पिशवी तिथं भरूनच ठिवलेली व्हती."

"दवाखान्यात पिशवी उघडली तर त्यात दुपटी व्हती. जुन्या लुगड्याची, मऊ. चार-पाच. लेकरू व्हायच्या आदी दुपटी कुणी शिवतं का? अपशकून असतोय. म्या म्हणलं, तूच हट्टानं शिवून आणलीस."

"मला वाटलं, तुझीच हायेत."

सुनीतानं दोरीवरच्या तुमच्या लुगड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. वीस वर्षांत असं सरळ बघितलं नव्हतं. मग ती दोरीखाली मातीतच बसली. तुमच्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. माझ्यावर तरी चिडेल. ती एवढंच म्हणाली, "तेरा दिस म्या सासू गेली म्हणून रडले. आता परत पहिल्यापासनं रडावं लागंल."

आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ मातीत बसले. विहीणबाई, तिनं मला उठवलं नाही.